बुधवारचं इव्हनसाँग

बुधवार, तारीख 20

आज रेडिओवर इव्हनसाँग, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधली गाऊन म्हटली जाणारी सायंप्रार्थना. तारीख 20, म्हणजे संध्याकाळचं बायबलमधलं स्तोत्र 104. हे कळायला रेडिओ लावावा लागत नाही. 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' या त्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. 4 तारखेच्या संध्याकाळी 22 आणि 23, 15 तारखेच्या संध्याकाळी एकटं 78, कारण ते भलतंच लांब आहे. 28 तारखेला बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं 137, ज्याचा शेवट ऐकवत नाही. जगात त्या दिवशी काय घडलंय, गाणाऱ्याचं मन कसं आहे, असं कुणी विचारत नाही. तारीख आली की स्तोत्र आलं. मला या पद्धतीचा फार आधार वाटतो.

आणि आजचं 104 तर माझं लाडकं. त्यात डोंगरातून वाहणारे झरे आहेत, पाणी प्यायला येणारी रानगाढवं आहेत, रात्री भक्ष्यासाठी गर्जना करणारे सिंहाचे छावे आहेत. सूर्य उगवला की सिंह गुहेत जाऊन पडतात आणि माणूस कामाला निघतो, संध्याकाळपर्यंत. किती साधी वाटणी! रात्र त्यांची, दिवस आपला. समुद्रात जहाजं चालली आहेत आणि तिथेच तो महाकाय लिव्हायथन खेळतोय, देवाने त्याला खेळण्यासाठीच तर घडवलंय. एवढं सगळं जग एका स्तोत्रात मावलं आहे.

बीबीसीने कोरल (म्हणजे गायकवृंदाने गायलेल्या) इव्हनसाँगचं पहिलं प्रसारण केलं ते 7 ऑक्टोबर 1926 ला, वेस्टमिन्स्टर ॲबीमधून. रेडिओ थ्रीवर ते 1970 पासून आहे. मध्ये 2007 साली ते बुधवारवरून रविवारी नेलं होतं, पण दुसऱ्याच वर्षी परत बुधवारी आणलं. बरं झालं. आठवड्याच्या मधोमध, लोक कामात असताना, शाळा सुटत असताना हे चालू असतं, आणि ते तिथेच हवं. निवेदक सुरुवातीला हळू आवाजात जागेचं नाव सांगतो, आज काय काय गायलं जाणार ते सांगतो आणि बाजूला होतो. मग दगडी इमारतीचा तो पोकळ, मोठा श्वास ऐकू येतो. कुणीतरी खोकतं, पानं सळसळतात. पुढचा पाऊण-एक तास कुणी काही समजावून सांगत नाही. टाळ्या तर नाहीतच. मैफल ऐकणाऱ्यासाठी असते. हे ऐकणाऱ्यासाठी नाही. उद्या मायक्रोफोन नसला आणि बाकांवर चार माणसं असली तरी हे असंच होणार आहे. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नाही म्हणूनच मला आत शिरता येतं, असं मला दर वेळी वाटतं. श्रद्धा आहे का, किती आहे, असं दारात कुणी विचारत नाही.

स्तोत्र गाण्याची रीत बघण्यासारखी आहे. गद्य ओळी, कुठली लांब, कुठली चार शब्दांची, आणि चाल मात्र एकच. म्हणून ओळीतले बरेचसे शब्द एकाच सुरावर, बोलण्याच्या लयीत म्हणायचे आणि शेवटच्या काही अक्षरांवर सूर बदलायचे. ओळीच्या मध्यावर विसर्गासारखं एक चिन्ह (:) असतं. तिथे सगळे थांबतात. आज त्या थांबण्यात मागच्या शब्दाचा घुमारा छतापर्यंत जाऊन विरताना स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो पुरता विरायच्या आधी उरलेली अर्धी ओळ उचलली जात होती. वीस-पंचवीस जणांनी एकाच क्षणी श्वास घ्यायचा आणि एकाच क्षणी व्यंजन सोडायचं! हे काही एका तालमीत जमणारं काम नाही. रोज गाणाऱ्यांनाच ते साधतं. क्वायर, म्हणजे गायकवृंद, दोन भागांत समोरासमोर उभी असते: दक्षिणेकडचे डेकॅनाय, उत्तरेकडचे कँटोरिस. एक ओळ इकडून, एक तिकडून. आपल्याकडे हरिपाठाला टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात आणि चरण एकमेकांकडे सोपवतात, अगदी तसं. ज्याने हरिपाठ ऐकलाय त्याला इव्हनसाँग परकं वाटू नये.

आज सुरुवातीची आवाहनं-प्रत्युत्तरं टॉमस टॉमकिन्सची होती. 'हे प्रभो, आमचे ओठ उघड' असं एकजण म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात. हा टॉमकिन्स वूस्टर कॅथेड्रलचा ऑर्गनवादक. तिथे त्याची हयात गेली. मग राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध आलं. 1645 मध्ये पार्लमेंटने प्रार्थनापुस्तकावरच बंदी घातली, 1646 मध्ये वूस्टर पडलं, ऑर्गन उतरवला गेला, क्वायर पांगली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आपलं सगळं काम बंद पडलेलं पाहत तिथेच राहिला. 1649 मध्ये चार्ल्स राजाच्या शिरच्छेदानंतर दोन आठवड्यांनी त्याने एक उदास 'पाव्हान' (संथ नृत्याच्या चालीची रचना) लिहिली आणि त्यावर तारीख घातली. 1656 मध्ये तो गेला. क्वायर परत उभ्या राहिल्या 1660 नंतर. त्याचं चर्चसंगीत मुलाने छापलं 1668 मध्ये. आपलं संगीत पुन्हा त्या भिंतींमध्ये घुमेल की नाही, हे न कळताच तो गेला, आणि आज बुधवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तो ऐकू येत होता. माझ्या हातातलं काम थांबलं.

यानंतरची दोन गाणी रोज तीच असतात. प्रार्थनापुस्तक रचणाऱ्या आर्चबिशप क्रॅनमरने 1549 मध्ये संध्याकाळची आणि झोपण्यापूर्वीची अशा दोन जुन्या प्रार्थना एकत्र केल्या, म्हणून येशूची आई मरीया हिचं गाणं, मॅग्निफिकाट, आणि म्हाताऱ्या शिमोनाचं नंक डिमिटिस एकाच बैठकीत आले. आई होऊ घातलेली तरुण मुलगी आणि आता मला जाऊ दे म्हणणारा वृद्ध. मध्ये फक्त एक वाचन. रोज संध्याकाळी एवढं आयुष्य ओलांडलं जातं.

आज ही दोन्ही गाणी संगीतकार हर्बर्ट हॉवेल्सच्या चालीत होती, 1945 ची, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी लिहिलेली. मरीयेचं गाणं तो फक्त वरच्या कोवळ्या आवाजांकडून सुरू करतो. बलाढ्यांना आसनावरून खाली ओढण्याची जी ओळ आहे तिथे आदळआपट नाही. हे एका स्त्रीचं गाणं आहे याचं भान त्याने सोडलेलं नाही. आणि शिमोनासाठी एकटा टेनर (पुरुषांमधला वरचा आवाज), खाली बाकीचे हलके धरून ठेवलेले. आजचा टेनर उत्तम होता. आवाज मोठा करायचा मोह त्याने शेवटपर्यंत टाळला. हॉवेल्स इमारत बघून लिहायचा. लंडनच्या सेंट पॉल्ससाठी 1951 मध्ये लिहिताना तिथला लांबच लांब घुमारा ध्यानात घेऊन त्याने स्वरसंगती सावकाश बदलल्या. इमारतीलाही एक आवाज देऊन टाकायचा, असं हे काम.

तिसऱ्या प्रार्थनेत 'आमच्या अंधारात उजेड कर, आणि या रात्रीच्या संकटांपासून आम्हाला राख' असं मागणं आहे. त्यानंतर अँथम, म्हणजे क्वायरने गायचं धार्मिक गीत. पुन्हा टॉमकिन्स: 'व्हेन डेव्हिड हर्ड', 1622 मध्ये छापलेलं. बंडखोर मुलगा अबशालोम लढाईत मारला गेला हे दावीद राजाला कळतं, तो वेशीवरच्या खोलीत जातो आणि रडतो. एवढीच गोष्ट, आणि मग 'माझ्या मुला, माझ्या मुला' हे एका आवाजाकडून दुसऱ्याकडे, पाच आवाजांत फिरत राहतं. मुलगा बापाविरुद्ध उठला होता, याचा उल्लेखसुद्धा नाही. हॉवेल्सचा मुलगा मायकल 1935 मध्ये पोलिओने गेला, नऊ वर्षांचा होता. हे माहीत असताना, त्याच्या शिमोनानंतर लगेच दावीदाचा आक्रोश ऐकणं मला जड गेलं. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या मनात हे असेल किंवा नसेलही. मला ऐकू आलं ते असं.

वरचे आवाज आज मुलींचे होते. शतकानुशतकं हे काम फक्त मुलग्यांचं होतं. सॉल्सबरी कॅथेड्रलने 1991 मध्ये मुलींची वेगळी क्वायर उभी केली आणि मग बाकीची कॅथेड्रलंही त्या वाटेने गेली. फार आधी व्हायला हवं होतं. निदान मरीयेच्या गाण्यासाठी तरी.

ऐकता ऐकता पंडिता रमाबाईंची आठवण झाली. 1883 मध्ये त्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी, अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) नन्सच्या मठात उतरल्या होत्या, बाप्तिस्माही तिथलाच. त्या मठातल्या रोजच्या उपासनेत हीच स्तोत्रं त्यांच्या कानांवर पडली असणार. पुढे त्यांनी सगळं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं, म्हणजे 104 सुद्धा. रानगाढवं, छावे, जहाजं, सगळं. त्यांचं भाषांतर मिळवून वाचायचं आहे.

रविवारी पुनःप्रसारण आहे. तेव्हा 'व्हेन डेव्हिड हर्ड' फक्त बेसचा, म्हणजे सगळ्यांत खालचा, आवाज धरून ऐकायचं. आज सगळं लक्ष वरच्या मुलींकडेच राहिलं.