भाजीवाल्याला माहीत होतं

भारतातून पाहुणे आले की आमचा एक दिवस आम्सटरडॅममधल्या प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या २६३ नंबरच्या घरासाठी राखलेला असतो. डायरी लिहिणारी ॲन फ्रँक, तिची बहीण, आईवडील, फान पेल्स कुटुंबातले तिघं आणि दातांचे डॉक्टर फेफर अशी आठ ज्यू माणसं दुसऱ्या महायुद्धात जर्मन नाझींपासून या घराच्या मागच्या भागात लपून राहिली होती. फ्रँक कुटुंब आलं जुलै १९४२ मध्ये, आणि ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. पुस्तकांच्या कपाटामागचा तो खडा जिना चढून-उतरून बाहेर आलं की पाहुणे थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग हमखास कुणीतरी विचारतं, "पण दोन वर्षं! शेजारपाजारी कुणाला कळलं कसं नाही गं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कळलं होतं.

सगळ्यांना नव्हे. खालच्या गोदामातल्या कामगारांना सांगितलेलं नव्हतं, म्हणून तर दिवसभर पायात बूट नाहीत, नळ नाही, संडासात पाणी ओतायचं नाही. पण आठ माणसं जगवायची तर रोज आठ माणसांचं जेवण लागतं, आणि ते बाहेरूनच येणार. माझी आई ठाण्याच्या बाजारात एकाऐवजी तीन मेथीच्या जुड्या घ्यायला लागली की भाजीवाली लगेच विचारायची, "कोण आलंय, ताई?" ज्याच्याकडून आपण रोज भाजी घेतो त्याला घरातली माणसं मोजता येतात.

इथे भाजी आणायचं काम मीप खीस करायची. याच घराच्या पुढच्या भागात ॲनच्या वडिलांच्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथे ती नोकरीला होती. तिचा नवरा यान भूमिगत चळवळीतल्या लोकांकडून रेशनकार्डं मिळवायचा, कारण लपलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने रेशन आणायची सोय नव्हती. मीप शक्यतो एकाच दुकानातून सगळं घ्यायची नाही. लपायच्या आधी फान पेल्स तिला मुद्दाम आपल्या ओळखीच्या खाटकाकडे सोबत घेऊन जायचे. ती नुसती बाजूला उभी राहायची आणि हे दोघं गप्पा मारायचे. आपल्याला कशाला आणलंय, तेव्हा तिला समजायचं नाही. पुढे ती एकटी चिठ्ठी घेऊन गेली तेव्हा समजलं. खाटकाने तिचा चेहरा ओळखला आणि मुकाट्याने मटण बांधून दिलं.

आणि भाजीवाला होता हेन्ड्रिक फान हूव्हे. त्याचं दुकान कोपऱ्यावरून वळलं की लागणाऱ्या लेलीग्राख्तवर, ५८ नंबरला होतं. ही बाई रोज इतकी भाजी नेते, हे त्याच्या लक्षात आलं. तो तिच्यासाठी भाजी बाजूला काढून ठेवायला लागला. जड बटाटे तर तो स्वतःच ऑफिसात पोचवायचा, तेही दुपारच्या सुट्टीत, कामगार जेवायला गेलेले असताना. ते एका लहान कपाटात ठेवायचे आणि रात्री फान पेल्सांच्या मुलाने वर न्यायचे. ही वेळ त्याला कुणी सांगितली असेल? मला वाटतं, कुणीच नाही. त्याने ती स्वतःच ओळखली असणार.

एप्रिल १९४४ मध्ये ईस्टरच्या रात्री गोदामात चोर शिरले. दाराची फळी तुटली, पोलीस आत आले, पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचले आणि परत गेले. वर आठ माणसं अंधारात श्वास रोखून बसली होती. दुसऱ्या दिवशी यानला वाटेत फान हूव्हे भेटला. घडलेलं सांगायला यानने तोंड उघडलं, तर मला माहीत आहे, म्हणाला. बायकोबरोबर तिथून जाताना त्याने तुटलेलं दार पाहिलं होतं. पण पोलिसांना बोलावलं नाही, तुमच्या बाबतीत ते बरं दिसलं नसतं, म्हणाला. मला काही ठाऊक नाही, पण अंदाज आहे, असंही. यानने आभार मानले आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. हे ॲनने डायरीत लिहून ठेवलंय. ते वाचताना मी दर वेळी थांबते. इतकं जोखमीचं बोलणं, भर रस्त्यात, चार वाक्यांत.

मग पाहुण्यांचा पुढचा प्रश्न असतो की असं कळलेल्यांपैकी कुणी बोलून टाकलं तर? बोलणारे होतेच. १९४३ मध्ये पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यू माणसामागे साडेसात गिल्डर (तेव्हाचं डच चलन) बक्षीस मिळायचं, आणि तेच काम करणारी टोळी आम्सटरडॅममध्ये होती. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. पंचवीस हजारांहून जास्त लोक लपले, त्यांतलेही कित्येक सापडले. डच भाषेत लपण्याला पाण्याखाली बुडी मारणं म्हणतात. बुडी मारलेला माणूस किती वेळ तग धरणार, हे वर उभ्या असलेल्यांच्या हातात होतं.

उत्तरेला ड्रेंथ प्रांतात नीवलांडे नावाचं शेतकऱ्यांचं छोटं गाव आहे. योहानेस पोस्ट नावाच्या शेतकऱ्याने आणि आर्नोल्ड डाउव्हेसने तिथे घराघरांत माणसं ठेवली. प्रत्येक घराने एखादं कुटुंब, निदान एक माणूस सांभाळायचा, असं गावाने आपसात ठरवलं. सगळेच सामील, मग कुणी कुणाची चुगली करायची? पोस्टला जर्मनांनी जुलै १९४४ मध्ये गोळ्या घातल्या. इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेने पुढे त्या गावातल्या ११७ जणांचा सन्मान केला. आमचे पाहुणे तिथवर जात नाहीत, ट्यूलिप बघायचे असतात. पण मी नाव सांगते.

मीपची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तिने आणि यानने स्वतःच्या घरातही एका विद्यार्थ्याला लपवलं होतं. जर्मनांशी एकनिष्ठ राहण्याच्या कागदावर त्याने सही केली नव्हती. ती रोज फ्रँक कुटुंबाकडे जायची, पण हे त्यांना कधी बोलली नाही. त्यांना आणखी एक काळजी कशाला.

या मंडळींना एकमेकांचं अर्धंच ठाऊक असायचं. २५ मे १९४४ ला फान हूव्हेला अटक झाली. त्याच्या स्वतःच्या घरात दोन ज्यू सापडले होते. भाजी बंद झाली. ॲनने त्या दिवशी लिहिलंय की आता सकाळची न्याहारी नाही, दुपारी लापशी आणि पाव, रात्री बटाटे, आणि आठवड्यातून जमलंच तर एकदोनदा पालेभाजी.

फान हूव्हेला छळछावण्यांत पाठवलं. तो जिवंत परत आला. त्याच्या अटकेनंतर दहा आठवडे पोलीस कपाटामागे आले नाहीत.

पाहुण्यांना मी आता प्रिन्सेनग्राख्तवरून थेट ट्रामकडे नेत नाही. आधी कोपऱ्यावरून वळून लेलीग्राख्तवर जातो आणि ५८ नंबरसमोर उभे राहतो. मागच्या खेपेला माझी मावशी होती. तिने दार बघितलं, मागे वळून कोपरा बघितला, आणि पावलं मोजत परत प्रिन्सेनग्राख्तपर्यंत चालत गेली. "बटाट्याचं पोतं घेऊन इतकं," ती म्हणाली.