न्यू जर्सीत गळ टाकण्यापूर्वी : परवाना, ट्राउट स्टॅम्प आणि तीन पाणवठे

न्यू जर्सी राज्यात हौशी मासेमारीचा परवाना हाती पडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. खरा वेळ जातो तो आपल्याला नेमके काय काय घ्यावे लागेल हे ठरवण्यात. त्याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी गोडे आहे की खारे, गरवायचा मासा ट्राउट आहे की दुसरा कोणता, आणि गळ धरणाऱ्याचे वय व वास्तव्य काय. एप्रिलच्या अखेरीस मी, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि मुरुडहून आमच्याकडे राहायला आलेले माझे मामा असे तिघे एडिसनहून निघालो आणि रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेवर, डेलावेअरच्या काठी लॅम्बर्टव्हिलला व शेवटी सँडी हूकच्या किनाऱ्यावर गेलो. तिन्ही ठिकाणचे नियम वेगळे असल्यामुळे या मार्गाने जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे सगळे येथे एकत्र लिहीत आहे.

सारे आयुष्य खाडीच्या काठी गेलेल्या मामांना परवान्याची कल्पना प्रथम पटेना. "अरे, होडीला लायसन लागतं ते समजू शकतो, पण धक्क्यावर बसून गरी सोडणाऱ्याने पैसे कशाचे द्यायचे?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याचा सगळा रोख नौकांवर आणि जाळ्यांवर आहे, आणि १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदीही त्यांच्यासाठीच असते. हौसेने गळ टाकणाऱ्याला कोणी हटकत नाही. इथे मात्र कायदा थेट माणसाला लागू होतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या जवळपास प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना लागतो, आणि खासगी तळीही त्यातून सुटलेली नाहीत.

पैसे जातात कुठे, हेही मामांना सांगावे लागले. परवान्याची रक्कम शिकारी आणि मासेमार यांच्यासाठी राखलेल्या स्वतंत्र निधीत जमा होते. पेक्वेस्ट येथील राज्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले पाच लाखांहून अधिक रेनबो ट्राउट दर वसंतात नद्या-तळ्यांत सोडले जातात, त्या कामामागे हाच निधी उभा असतो. शिवाय १९५० च्या एका संघीय कायद्यानुसार रॉड, रीळ आणि इतर साहित्यावर उत्पादकांकडून जो कर घेतला जातो, त्यातील राज्याचा वाटा ठरवताना परवानाधारकांची संख्या धरली जाते; म्हणजे वर्षातून एकदाच गळ टाकणाऱ्याचा परवानाही राज्याला मोलाचा असतो. यावर मामांचे म्हणणे असे, की सरकार मासे सोडते आणि आपण तेच पकडायचे, यात गंमत ती काय? ट्राउटच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही मार्गात डेलावेअर नदी मुद्दाम घातली.

आता खर्चाकडे वळतो. आम्ही गेलो तेव्हाच्या दरांप्रमाणे १६ ते ६४ वर्षांच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचा वार्षिक परवाना २२.५० डॉलरला मिळतो, ६५ ते ६९ वर्षांच्या रहिवाशाला तो १२.५० डॉलरला पडतो आणि सत्तरी गाठलेल्या रहिवाशाला परवाना लागतच नाही, वयाचा पुरावा जवळ असला की पुरे. रहिवासी म्हणवून घेण्यासाठी मात्र परवाना घेण्याआधी निदान सहा महिने राज्यात खरोखर वास्तव्य असावे लागते. ज्येष्ठांची सवलत फक्त रहिवाशांना आहे, हे आईवडील किंवा सासूसासरे भारतातून येणार असतील त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मामांचे वय सदुसष्ट असूनही त्यांना परराज्यातल्या माणसाचाच दर लागू झाला : पूर्ण वर्षासाठी ३४ डॉलर, सात दिवसांसाठी १९.५० आणि दोन दिवसांसाठी ९. दोन दिवसांचा परवाना पाहुण्यांसाठी मला सर्वांत किफायतशीर वाटतो. आम्ही मधल्या दिवसांत विश्रांती घेणार होतो म्हणून सात दिवसांचा घेतला.

ट्राउट गरवायचा असेल तर परवान्याच्या जोडीला ट्राउट स्टॅम्प, म्हणजे त्या माशासाठीची जादा परवानगी, घ्यावा लागतो, मग मासा पकडून लगेच सोडून द्यायचा विचार असला तरी. रहिवाशाला तो १०.५० डॉलरला आणि बाहेरच्याला २० डॉलरला पडतो. म्हणजे पाहुण्याचा स्टॅम्प त्याच्या आठवड्याच्या परवान्यापेक्षा महाग आहे. माझे ३३ डॉलर झाले, मामांचे ३९.५० आणि मुलाचे काहीच नाही. पाहुण्याला केवळ गळ टाकण्याचा आनंद द्यायचा असेल तर स्टॅम्प वगळून बास, सनफिश किंवा शॅडच्या मागे लागावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मामांना मात्र "हा ट्राउट ट्राउट म्हणतात तो बघायचाच" असल्याने वीस डॉलर गेले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वार्षिक परवाना आणि स्टॅम्प दोन्ही ३१ डिसेंबरला संपतात, घेतल्या तारखेपासून वर्ष मोजले जात नाही. तेव्हा शरद ऋतूत पूर्ण वर्षाचा परवाना घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात याउलट परवाना खरेदीपासून ३६५ दिवस चालतो.

परवाना राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो किंवा मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या अधिकृत दुकानात. अर्जात नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांच्याबरोबर सोशल सिक्युरिटी क्रमांकही विचारला जातो. मासे पकडण्याशी त्याचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे मूळ १९९६ च्या एका संघीय कायद्यात आहे, ज्याने मुलांच्या पालनपोषणाचा खर्च चुकवणाऱ्या पालकांचा माग लागावा म्हणून अशा हौशी परवान्यांच्या अर्जांतही हा क्रमांक नोंदवण्याची सक्ती राज्यांवर केली. पाहुण्यांकडे हा क्रमांक नसतो, म्हणून त्यांना पासपोर्टसह दुकानात घेऊन जाणे सोयीचे. दुकानदाराने मामांचा परवाना तेथेच छापून दिला आणि वर कोणत्या वळणावर पाणी चांगले आहे हेही सांगितले. एकदा अर्ज झाला की प्रत्येकाला एक ओळख क्रमांक मिळतो, तो जपून ठेवल्यास पुढच्या वर्षी सगळी माहिती पुन्हा भरावी लागत नाही. परवान्यावर सही करून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा. दरीत किंवा जंगलात फोनला रेंज असेलच असे नाही.

पहिला मुक्काम हाय ब्रिज आणि कॅलिफॉन या गावांमधली केन लॉकवुड दरी. एडिसनहून पाऊण-एक तासाचा रस्ता आहे. वृत्तपत्रातून निसर्ग आणि मासेमारी यांवर लिहिणाऱ्या एका लेखकाचे नाव या दरीला दिलेले असून, सुमारे अडीच मैलांचा हा पट्टा वर्षभर ट्राउट संवर्धन क्षेत्र म्हणून राखलेला आहे. येथे गांडूळ, कणकेचा गोळा किंवा कोणतेही नैसर्गिक आमिष चालत नाही आणि हाती लागलेला ट्राउट लगेच पाण्यात सोडावा लागतो. गाड्या लावायला जागा मोजकी असल्याने सकाळी सातच्या आत पोहोचावे. नदी मोठमोठ्या धोंड्यांमधून फेसाळत उतरते, तळाचे दगड शेवाळाने निसरडे असतात. ज्येष्ठ माणसाला काठावरच्या सपाट खडकावर बसवणे उत्तम. मुलाने धातूच्या लहान फिरत्या आमिषावर एक रेनबो ट्राउट काढला, मामांनी तो ओल्या हाताने धरून त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा निरखला आणि "याला तिखट-मीठ लावायचं नाही म्हणजे शिक्षाच आहे" असे म्हणत सोडून दिला. थोड्याच वेळात संवर्धन पोलीस अधिकारी आले. त्यांनी माझा आणि मामांचा परवाना पाहिला, मुलाला वय विचारले, आमिषाच्या डबीत डोकावले आणि शुभेच्छा देऊन पुढे गेले. मामांनी परवान्याचा कागद ते निघून गेल्यावरही बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

घरी मासा न्यायचा असेल तर या राखीव पट्ट्याच्या बाहेर जावे. ट्राउट सोडलेल्या साध्या पाण्यात हंगाम उघडल्यापासून ३१ मेपर्यंत प्रत्येकी सहा आणि त्यानंतर चार, तेही नऊ इंचांहून लहान नसलेले, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. हंगाम एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता उघडतो आणि त्याआधी सुमारे तीन आठवडे यातले बरेच प्रवाह बंद असतात, त्यामुळे मार्चच्या उत्तरार्धात पाहुण्यांना घेऊन जाण्याचा बेत आखू नये.

डेलावेअर नदीची गोष्टच निराळी. मिसिसिपीच्या पूर्वेला मुख्य प्रवाहावर एकही धरण नसलेली ही सर्वांत लांब नदी आहे, आणि त्यामुळे शॅड नावाचा मासा आजही वसंतात समुद्रातून अंडी घालण्यासाठी थेट वरपर्यंत चढतो. आपल्याकडे भिंग किंवा पाला म्हणतात तो मासाही असाच समुद्रातून नदीत चढणारा आणि शॅडप्रमाणेच हेरिंगच्या गणातला. मामांनी कल्ल्यामागचा काळा ठिपका आणि हाताला चिकटून सुटणारे खवले पाहून हे नाते मी सांगण्याआधीच ओळखले. लॅम्बर्टव्हिलच्या लुइस बेटावर १८८८ पासून ओढजाळ्याने शॅड धरण्याची परंपरा एका कुटुंबाने चालवली आहे, ती एप्रिल-मेमध्ये काठावरून पाहता येते. गळाने धरताना डार्ट नावाचे लहान रंगीत कृत्रिम आमिष वापरतात आणि प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी जरा संथ होते तिथे, ते धरतात. प्रत्येकी तीन शॅड नेता येतात. मामांनी दोन काढले, एक ठेवला. काटे भिंगापेक्षा कमी नव्हते आणि गाभोळी मात्र उत्तम निघाली.

येथे परवान्याची एक सोय आणि एक खोच आहे. ही नदी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांची सीमा असल्याने दोहोंपैकी कोणत्याही राज्याचा परवाना नदीच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत चालतो, त्यामुळे फिलाडेल्फियाकडचे मित्र आपल्याच परवान्यावर आमच्याबरोबर होडीत बसू शकतात. पण ही सवलत फक्त नदीच्या पात्रापुरती आहे. तिला मिळणारे ओढे आणि लॅम्बर्टव्हिलमधून नदीला समांतर वाहणारा जुना कालवा यांना ती लागू नाही. कालवा नदीपासून काही पावलांवर आहे आणि त्यात ट्राउटही सोडले जातात. पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन आलेल्याने तिकडे वळून गळ टाकला तर तो विनापरवाना ठरतो.

समुद्रावर खर्च शून्यावर येतो. खाऱ्या पाण्यासाठी न्यू जर्सीत परवाना नाही, फक्त नोंदणी करावी लागते. ती सोळा वर्षांवरील प्रत्येकाला बंधनकारक असली तरी विनामूल्य आहे आणि पाच मिनिटांत संकेतस्थळावर होते. तिकीट काढून भाड्याच्या मासेमारी बोटीवर जाणाऱ्याला तीही लागत नाही. सँडी हूक हा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातला भाग असल्याने उन्हाळ्यात गाडीचे शुल्क आणि रात्री थांबून मासेमारी करायची असल्यास वेगळा परवाना अशी त्यांची स्वतःची व्यवस्था आहे. स्ट्राइप्ड बासच्या नियमांवर दर हंगामात नजर ठेवावी. अलीकडे २८ ते ३१ इंचांच्या दरम्यानचा एकच मासा ठेवता येत होता, त्यामुळे टेपपट्टी ही गळाइतकीच आवश्यक वस्तू समजावी.

कोकणातल्या माणसाचे लक्ष किनाऱ्यावर आले की तिसऱ्या आणि चिंबोऱ्यांकडे जाणारच. त्यांचे नियम माशांहून निराळे आहेत. क्लॅम, म्हणजे आपल्या तिसऱ्यांची इथली थोराड भावंडे, काढण्यासाठी रहिवाशाला १० आणि बाहेरच्याला २० डॉलरचा वेगळा परवाना लागतो, दिवसाला १५० नगांची मर्यादा आहे, आणि रविवारी तसेच सूर्यास्तानंतर त्या काढता येत नाहीत. कोणते पाणी काढणीस खुले आहे याचे नकाशे राज्य प्रसिद्ध करते, ते न पाहता ओहोटीच्या चिखलात उतरू नये. चिंबोऱ्या दोरीला कोंबडीची तंगडी बांधून किंवा मिटणाऱ्या पिंजऱ्याने धरायला परवाना लागत नाही. कायम बुडवून ठेवायच्या सापळ्यांना मात्र नाममात्र शुल्काचा परवाना आहे. अंडी धरलेली मादी परत सोडणे सक्तीचे आहे. एडिसन-वुडब्रिज भागातील लोकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी : नूअर्क उपसागर, आर्थर किल आणि पसेक व हॅकेन्सॅक नद्यांचे भरतीचे पट्टे येथील चिंबोऱ्या डायऑक्सिन या विषारी रसायनाच्या प्रदूषणामुळे धरण्यास आणि खाण्यास मनाई आहे. घराजवळच्या धक्क्यावर लोक पिंजरे सोडताना दिसले तरी त्यांचे अनुकरण करू नये. इतर पाण्यांतील माशांपैकी कोणते महिन्यातून किती वेळा खावेत, याचा तक्ता राज्य दरवर्षी देते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठीचे रकाने त्यात वेगळे असतात.

हे सगळे खर्च टाळून आधी आवड तपासायची असेल, तर जून आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येकी एक दिवस असा येतो की गोड्या पाण्यात परवाना किंवा स्टॅम्प काहीच लागत नाही. मर्यादा आणि आकाराचे नियम मात्र त्या दिवशीही तसेच असतात. तारखा राज्य वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करते, आणि उद्यानांतील तळ्यांवर त्या दिवशी पहाटेपासून गर्दी असते.