सह्याद्रीत सोनं का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात असो, रेल्वेत असो, मी भूशास्त्रातली आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला. "सोनं शिलारसातून येतं म्हणतात. मग आपला अख्खा सह्याद्री लाव्हाचाच ना? आपल्याकडे का नाही?" इतकी वर्षं हसून विषय बदलला. आता एकदा सांगूनच टाकते.

सह्याद्रीचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आला आणि उघड्यावर पसरून थिजला. सोन्याला ही घाई मानवत नाही. साध्या खडकात ते टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. ते गोळा व्हायचं तर पाणी धरून असलेला शिलारस वर न येता काही किलोमीटर खाली अडकावा लागतो आणि सावकाश निवावा लागतो. असा निवून जो खडक बनतो, तो ग्रॅनाइट. स्फटिक बनत जातात तसं त्यांच्यात न मावणारं मागे उरतं: पाणी, क्लोरीन, गंधक. हे कढत पाणी शेवटी सुटतं, सोनं विरघळवून घेतं आणि भेगांतून निघतं. वाटेत दाब उतरला, पाणी निवलं किंवा लोखंडाचा अंश असलेला खडक भेटला की संपलं. लोखंड गंधक ओढून घेतं, त्याचा पायराइट होतो, आणि गंधकाच्या आधारानं आलेलं सोनं गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरेत तिथेच बसतं. अलास्कात फेअरबँक्सजवळची फोर्ट नॉक्स खाण अशा ग्रॅनाइटमध्येच आहे. ग्रॅनाइटचं वय सुमारे 9 कोटी वर्षं, सोन्याच्या सोबतीला बिस्मथ हा धातू, आणि टनाला ग्रॅमभरही सोनं नाही. तरी परवडतं, कारण तिथे डोंगरच उकरतात.

आणि महाराष्ट्रात सोनं नाहीच, हेही खरं नाही. नागपूर-भंडाऱ्याकडचा साकोली पट्टा सह्याद्रीहून कितीतरी म्हातारा. तिथे गारेच्या शिरांत सोन्याचा माग लागलेला आहे.

त्याच पट्ट्यात माझं नाक कापलं गेलं.

नवीन लग्न, नवी नोकरी. ग्रॅनाइटच्या कडेची एक शीर मला फार आवडली होती. नमुना मीच लोखंडी खलात कुटला. तपासणीचा आकडा आला: टनाला 3 ग्रॅम. त्या रात्री मला झोप नाही. माझ्या शब्दावर दोन चर खणले गेले, पंधरा दिवस मजूर राबले. चरांत काही नाही. मग त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला, न कुटलेला अर्धा भाग तपासला. त्यातही जवळपास काही नाही. बैठकीत साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, सोनं घालून सोनं शोधायला आलात होय?" सगळे हसले. माझ्या हातात सासूबाईंच्या पाटल्या होत्या.

हिशेब करा. तपासणीला भुकटी लागते 30 ग्रॅम. टनाला 3 ग्रॅम म्हणजे त्या भुकटीत 90 मायक्रोग्रॅम सोनं, मिठाचा एक-दीड कण. खलावर पाटली दोनदा घासली तरी पुरे. नमुना हाताळताना अंगावर सोनं नको, हे मला शिकवलेलं होतं. लोकांना मी अनेक वर्षं सांगत आले की सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून काढल्या नाहीत. खोटं आहे ते. नव्या नवरीचा तोरा होता, बाकी काही नाही.

पण गारेतलं सोनं सारखं पसरलेलं नसतं, ते कणाकणानं असतं. एका मुठीत कण यावा आणि शेजारच्या मुठीत येऊ नये, हे रोजचंच. हे मी तेव्हा बैठकीत बोलले नाही. आज बोलते, तर बचाव वाटतो.

सोनं ग्रॅनाइटनंच आणलं असणार, अशी तेव्हाची मी पैजेवर सांगायची. तिला कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी दाखवायला हव्या होत्या. 3 किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणी 2001 साली बंद झाल्या. तरी तिथलं सोनं शिलारसातून सुटलेल्या पाण्यानं आणलं, की खडक दबून-तापून निघालेल्या पाण्यानं, हे भांडण चालूच आहे. ग्रॅनाइट शेजारी असतो, म्हणून तोच बाप ठरत नाही. हे कळूनही नव्या पट्ट्यात गेले की माझी नजर आधी ग्रॅनाइटची कडच शोधते.

पाटल्या तेव्हापासून डब्यात आहेत. एकदा सोनाराकडे वजनाला नेल्या होत्या. त्याच्या काट्याला 90 मायक्रोग्रॅम दिसत नाहीत.