विझलेला फ्लेम

चतुर्थीच्या साफसफाईत फोंड्याच्या घरी कपाटाच्या तळाशी माझा जुना फ्लेम सापडला. फायरफॉक्स ओएस या मोबाइल प्रणालीसाठी ॲप लिहिणाऱ्यांकरता फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०१४ मध्ये काढलेला हा फोन, किंमत १७० डॉलर. त्याच वर्षी आपल्याकडे याच प्रणालीचा इंटेक्सचा फोन १,९९९ रुपयांत आला, तेव्हा वाटलं होतं की आता हीच गाडी धावणार. कसलं काय! दोनेक वर्षांत मोझिलाने फोनचं काम गुंडाळलं. त्याच कोडमधून पुढे कायओएस ही प्रणाली निघाली आणि जिओफोनमधून घरोघरी पोचली, ते वेगळं.

फोन सुरू व्हायचा, पण लोगोपुढे जायचा नाही. प्रणालीची अर्धवट बनलेली आवृत्ती टाकून मीच तो सोडून दिला होता. बाबा म्हणाले, "यात रेडिओ होता ना रे?" झालं, बसलो.

बॅटरी फुगलेली नव्हती हे नशीब. जुन्या हार्ड डिस्कवर फोनच्या मूळ प्रणालीच्या फाइलींची (इमेजची) झिप होती; ती नसती तर मी या फंदात पडलोच नसतो, कारण मूळ लिंका कधीच मेल्या आहेत. लॅपटॉपवरच्या उबुंटू लिनक्सवर एडीबी आणि फास्टबूट ही फोनला संगणकावरून हुकूम देणारी अवजारं टाकली, आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवून फोन चालू केला, म्हणजे तो फास्टबूट स्थितीत जातो. संगणक म्हणतो, 'वेटिंग फॉर डिव्हाइस'. तासभर तेच. ड्रायव्हर बघ, पोर्ट बदल, पुन्हा सुरू कर. शेवटी लक्षात आलं की हाताला लागलेली केबल बॅटरीवाल्या दिव्यासोबत आलेली होती. तिच्यात चार्जिंगच्या दोनच तारा; डेटा जाणार कुठून? आईच्या फोनची केबल पळवली. आता फोन दिसला, पण पुढे लिहिलेलं 'नो परमिशन्स'. ते माहितीचं दुखणं होतं. कुठलं उपकरण कोणाला वापरू द्यायचं हे लिनक्समध्ये यूडेव्ह ठरवतो; त्याच्या नियमात चिपवाल्या क्वालकॉमचा क्रमांक, ०५सी६, घातला, शिवाय फास्टबूटमध्ये फोन गूगलच्या क्रमांकाने दिसतो म्हणून तोही, आणि केबल काढून परत लावली.

प्रणालीचे भाग एकेक करून फोनमध्ये लिहिणारी स्क्रिप्ट चालवली. बूट गेलं, रिकव्हरी गेलं, सिस्टम सुरू झालं आणि लाईट गेली.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, तो वायरीवरच जगतो. म्हणजे अर्धी सिस्टम फोनमध्ये, अर्धी संगणकात, आणि दोन्हीकडे अंधार. बाहेर पाऊस कोसळत होता. आई मेणबत्ती घेऊन आली, फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "मेला काय तो? मग जेवून घे."

जेवताना डोकं ठिकाणावर आलं. फास्टबूट चालवणारा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, मेमरीच्या वेगळ्या विभाजनात (पार्टिशनमध्ये) असतो, आणि लाईट गेली तेव्हा लिहिणं चाललं होतं सिस्टममध्ये. बूटलोडरला धक्का लागलेला नसणार. पावणेदहाला लाईट आली. फोनची बॅटरी काढून परत घातली, तेच बटण दाबून धरलं, 'फास्टबूट डिव्हायसेस' मारलं तर फोनचा क्रमांक हजर! स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली. या खेपेला लॅपटॉपची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचून. आधी का नाही सुचलं, विचारू नका.

फोन उठला, पण बैलगाडीसारखा. एक ॲप उघडलं की मागचं बंद. मग आठवलं: स्वस्त फोनचं सोंग घेता यावं म्हणून याची एक जीबी रॅम हुकमाने कमी करता यायची, आणि मी ती कधीकाळी ३१९ एमबीवर नेऊन ठेवली होती. 'फास्टबूट ओईएम मेम ०' दिलं, की किती रॅम घ्यायची ते फोन स्वतःच ठरवतो. लगेच जीव आला.

बाकी अपेक्षा नकोत. ४जी नाही, म्हणजे जिओचं सिम घालण्यात अर्थ नाही. तारीख १९७० दाखवत होता. ती दुरुस्त केली तरी बऱ्याच साइट उघडत नाहीत, कारण साइट खरी आहे हे पटवणारी आतली प्रमाणपत्रंच मुदत संपलेली. ॲपचं दुकान तर केव्हाच बंद.

पण एफएम लागला. इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना. बाबांनी एक बोंडूक कानात घातलं, "आवाज बारीक येतो" म्हणाले, आणि उरलेली वायर पडवीच्या गजाला गुंडाळून बसले.