तुम्ही विचारलंत म्हणून: मी हिंडले म्हणून मुलगी बारीक झाली का?

मुलगी आता सहा वर्षांची आहे. तरी खानापूरच्या बाजारात ओळखीची कुणी भेटली की तिचा दंड चाचपून विचारतेच, "शेवटपर्यंत हिंडत होतीस नव्हे गे, म्हणून बारीक झाली काय?" आणि गावातल्या पोटुशी सुना उलटं विचारतात, "वैनी, चालू की नको?" सगळ्यांना मी एकच उत्तर देत आले: चालण्यानं काही होत नाही. ते खरंच आहे. पण एवढं सांगून मी गप्प बसत होते, हेही खरं आहे.

चालण्याचं आधी सांगते. गरोदरपण नीट चाललं असेल, डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आठवड्याला निदान १५० मिनिटं बेताचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे. साखर वाढण्याचा धोका त्यानं कमी होतो, आणि बाळ त्यामुळं खुरटत नाही. मी रोज सकाळी देवळापर्यंत जाऊन येत होते. त्या चालण्याबद्दल मला कुणी बोल लावू नये.

राहिली रोप लावण.

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला. पाऊस लागला की सोडत नाही, आणि तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, तयार झाला की थांबता येत नाही. त्या जुलैत मला सातवा संपत आला होता. माणसं मिळेनात. सासूबाई स्वतः म्हणाल्या होत्या, "तू राहा घरात." हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक त्यांना दोष देतात. मला कुणी ढकललं नाही. मीच गेले. एक दिवस म्हणून गेले आणि अकरा दिवस गेले. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकून, पोटरीभर चिखलात. दुपारी मेरेवर, शेताच्या बांधावर, अर्धी भाकरी जायची, कधी तीही नको वाटायची. रात्री पाय सुजलेले असत, आणि मी ते लुगड्याखाली झाकत होते.

ऑगस्टमध्ये तपासणीला गेले. नर्सताईंनी टेपनं पोट मोजलं. विसाव्या आठवड्यानंतर जेवढे आठवडे, साधारण तेवढे सेंटीमीटर भरायला पाहिजेत. बत्तिसावा चालू होता, टेप एकोणतिसावर थांबला. त्यांनी पुन्हा मोजलं. मग बेळगावला सोनोग्राफी. खोलीत अंधार, पोटावर गार जेल, आणि डॉक्टरीणबाई काही बोलत नव्हत्या. नाळेतला रक्तप्रवाह त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाढ दोन आठवडे मागं आहे. नाळेतला प्रवाहही थोडा कमी आहे. जड काम करता काय?"

मी म्हटलं, "नाही. घरातलंच."

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मी खोटं का बोलले? लाजेनं. आणि डॉक्टरीणबाई सासूबाईंवर ओरडतील या भीतीनंही. त्या बाईंना खरं कळलं असतं तर काय वेगळं झालं असतं? आराम तर त्यांनी तसाही सांगितलाच. पण त्यांनी विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही.

मुलगी सप्टेंबरअखेरीस झाली. सदतिसावा आठवडा, दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजन.

पुढं वाचलं की पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या लोकांनी गरोदर बायकांची कामं नोंदवली होती: शेत, पाणी आणणं, घर. ज्यांच्यावर कामाचा भार जास्त, त्यांच्या बाळांचं वजन सरासरीनं कमी भरलं. वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मग त्या 'सरासरी' शब्दाला धरून बसले. सरासरी माझ्या पोरीबद्दल काय सांगणार? माझं बीपीही तेव्हा वर सरकलं होतं. पोटातली वार बाळाला नीट पोसत नसेल तर घरात झोपून राहिलेल्या बाईचंही बाळ मागं पडतं. सासूबाईंनी चार बाळंतपणांत लावणी केली, चौघं धडधाकट. हे सगळं मी मलाच सांगत असते. आणि लगेच आठवतं, मेरेवरची भाकरी अर्धीच होती.

म्हणून ज्या मला "चालण्यानं झालं" म्हणतात, त्यांना मी नाहीच म्हणणार. तासभर मोकळं चालणं वेगळं, आणि उपाशीपोटी दहा तास वाकून उभं राहणं वेगळं. दोन्हीला आपण 'हिंडणं' म्हणतो, तिथं घोटाळा होतो. पण त्या अकरा दिवसांनी झालं का, याला मी नाही म्हणू शकत नाही. हो म्हणायलाही माझ्याकडं आधार नाही.

माझ्या धाकट्या जावेला आता सहावा लागलाय. परवा तिनं विचारलं. मी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ देवळापर्यंत जा, पोटभर जेव, तपासणीत जे विचारतील ते खरं सांग, चिखलात उतरू नको. ती म्हणाली, "आणि वैनी, माणूस कमी पडलं तर एकच दिवस?"

मीही एकच दिवस म्हणून गेले होते, एवढं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. तरवा अजून लहान आहे.