तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅप शूटिंग (उडत्या तबकड्या बंदुकीने फोडायचा खेळ) सोडून सरपंच कशाला?

लग्नात, एसटीत, बँकेच्या लाइनीत, कुठेही भेटलं की लोक हेच विचारतात, आणि पाठोपाठ कोणीतरी उदाहरणं पण देतं. बिकानेरचे करणी सिंह बघ, 1962 ला कैरोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ट्रॅपचं सिल्व्हर, आणि 1952 पासून 25 वर्षं अपक्ष खासदार. नाहीतर श्रेयसी सिंह, 2020 ला जमुईची आमदार झाली आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला ट्रॅप खेळून आली. अहो पण ते महाराजा, आणि हिचे आईवडील दोघंही खासदार राहिलेले! आमच्या देवगडातल्या घरात बंदूक म्हणजे बाबांची शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, रानडुकरांसाठी.

खेळ महागडा आहे हो. 110 मिलिमीटरची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर सुटते, समोरच्या खंदकात 15 मशीन, त्यातलं कुठलं फेकणार ते माहीत नसतं, तुम्ही ओरडलात की सुटलीच. एका तबकडीला दोन काडतुसांची मुभा, 25 तबकड्यांचा राउंड, असे पाच. हात बिघडलेल्या दिवशी किती काडतुसं जातात हिशोब करा आणि काजूच्या पैशातून ते भागतं का सांगा.

राज्य स्पर्धेत मेडल आलं की गावात सत्कार व्हायचा, आणि स्टेजवरून कोणीतरी पुढारी गावासाठी शूटिंगची रेंज जाहीर करायचा, दर वेळी वेगळा पुढारी, रेंज तीच. शाली एवढ्या साठल्या की आईने त्यातल्या दोन थंडीत वासराच्या अंगावर घातल्या (छान दिसत होतं वासरू). मग सरपंचपद महिला राखीव झालं, पॅनेलवाले ओळखीचा चेहरा शोधत घरी आले. त्यांना सही करणारी बाई हवी होती हे मला कळत होतं. मला स्टेजच्या त्या बाजूला बसायचं होतं, म्हणून हो म्हटलं.

प्रचारात मेडलचं कोणालाच काही नव्हतं. एका आजींनी तर तोंडावरच सांगितलं, "ता रवांदे गो बाय, माकडांचा काय करतलंस ता सांग." मी माकडं मारेन अशीच बऱ्याच जणांची समजूत होती, वनखात्याचे कायदे सांगता सांगता माझा घसा बसला. त्यात आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस, भात तयार आणि डुकरं मोकाट. निवडून आल्यावर पुढच्या इलेक्शनला शेतकऱ्यांचे बंदूक जमा न करण्याच्या सवलतीचे अर्ज मीच बसून लिहिले, फॉर्म भरायची सवय होतीच, बंदुकीचा परवाना काढलेल्या माणसाला कुठल्याच फॉर्मची भीती वाटत नाही.

आणि रेंज? नाही झाली. छर्रे पडायला समोर दोनेकशे मीटर तरी मोकळं रान लागतं, आमच्याकडे तेवढी सपाटी फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, आणि तिथे गुरं चरतात. ग्रामसभेत एका सदस्याने कौतुकाने विषय काढला तेव्हा मीच म्हटलं, खालच्या वाडीत एप्रिलपासून टँकर येतो, आधी नळपाण्याचं घ्या.