पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. परतीच्या पावसानं मिरजेला झोडपून काढलं होतं. मी घरातूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते, आणि हे दिवस दिवाळी अंकाचे. अंक 96 पानांचा, त्यातली 71 पानं लावून झाली होती. पेनड्राइव्हवरची शेवटची कॉपी तीन आठवड्यांपूर्वीची, म्हणजे जेमतेम 20 पानांची.

त्या रात्री विजा कडाडायला लागल्या तशी मी यूपीएस बंद केला आणि प्लगही भिंतीतून काढून ठेवला. खिडकीतून पाणी आत येत होतं, म्हणून जमिनीवरचा कॅबिनेट उचलून टेबलावर ठेवला. उचलताना तो टेबलाच्या कडेला एकदा आपटला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. लाईट सकाळी आली.

सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, पुढचा दिवा लागला, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. परत दाबलं, परत तेच. मॉनिटरची वायर काढून घट्ट बसवली, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिली. पोटात गोळा आला. हा कॉम्प्युटर 2012 साली जोडून घेतलेला, विंडोज 7वर चालणारा. नवा घे असं सगळे सांगतात, पण माझं निम्मं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये आहे. हे फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचे. ते नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. त्यामुळे माझ्यासाठी अंक म्हणजे हेच मशीन.

माझा भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याचं पहिलं वाक्य, ‘‘मावशी, आधी प्लग काढ आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर.’’ आत उरलेला करंट त्यानं निघून जातो. दुसरं वाक्य, ‘‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललीस की चालू करून बघायचं आणि काय दिसलं ते लिहून ठेवायचं.’’ मी वही घेऊन बसले.

झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा थर नमद्यासारखा जमला होता. तो मऊ ब्रशनं काढला. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे घरात मल्टिमीटर होता. भाच्याच्या सांगण्यावरून मशीन चालू करून एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज देणाऱ्या डब्याच्या, चार पिनांच्या मोकळ्या प्लगमध्ये टोकं टेकवली. पिवळ्या-काळ्यात 12.1 व्होल्ट, लाल-काळ्यात 5.0. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 12चे 11.4 ते 12.6 आणि 5चे 4.75 ते 5.25. पंखा फिरतोय म्हणून सप्लाय चांगलाच आहे असं नसतं, म्हणून हे बघायचं. मात्र एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

मग तो म्हणाला, ‘‘मावशी, बीप ऐकू येतो का?’’ येत नव्हता. मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, स्पीकर लावलेलाच नव्हता. माळ्यावरच्या जुन्या कॅबिनेटमधून इवलासा स्पीकर काढून चार पिनांवर बसवला, आणि मशीन बोलायला लागलं. लांब, एकसारखे बीप, थांबायचं नाव नाही. मला ते ऐकून रडू आलं, भाचा मात्र खूश झाला. बीप वाजतोय म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, चालतोय आणि तो तक्रार करतोय. सगळ्या रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, काढूनही बोर्ड गप्प बसला असता तर खरी काळजी होती. माझ्या बोर्डावर या लांब बीपांचा अर्थ रॅम सापडत नाही. प्रत्येक बायोसची बीपांची भाषा वेगळी असते, तेव्हा आपल्या बोर्डाचं पुस्तक बघावं.

परत प्लग काढला. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्या मागे ढकलल्या, पट्टी वर आली. खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या जवळ धरून बघितल्या. सोनेरी कसल्या, तपकिरी झालेल्या, आणि दोन-तीन पट्ट्यांवर काळसर डाग. मुलीच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेतलं. पट्टी वहीवर आडवी ठेवली आणि एकाच दिशेनं, फार न दाबता, हळूहळू घासलं. रबराचा चुरा काळा पडत गेला आणि खालून पिवळी चमक वर आली. चुरा सगळा झटकला, कारण एक कण जरी खाचेत गेला तरी तोच नवा दोष होतो. खाचही ब्रशनं साफ केली. मग दोनपैकी एकच रॅम पहिल्या खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्, टक्. दोन्ही खिट्या आपोआप मिटल्या. तो आवाज आला नाही तर रॅम बसलेलीच नसते.

बटण दाबलं. एकच छोटा बीप, आणि स्क्रीनवर अक्षरं! अकरा वाजत आले होते. मी भाच्याला मोबाईलवरूनच ओवाळलं असतं.

अक्षरं मात्र इंग्रजीत काहीतरी वाईट सांगत होती. सीमॉस चेकसम चुकलंय, म्हणजे बोर्डानं जपलेल्या सेटिंग्ज जुळत नाहीत, एफ-वन दाबा. तारीख 2012ची. एफ-वन दाबलं, विंडोजचे चार रंग गोळा व्हायला लागले आणि खटकन निळी स्क्रीन. मशीन आपोआप परत सुरू झालं, परत निळी स्क्रीन.

मला वाटलं, रॅम काढताना मीच काहीतरी बिघडवलं. भाचा वर्गात गेलेला, फोन लागेना. घाबरून गावातल्या एका रिपेअरवाल्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, ‘‘ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. डेटा मिळाला तर मिळाला.’’ संध्याकाळपर्यंत करून देतो म्हणाला. मी कॅबिनेट पिशवीत घालायला लागले होते. त्या 51 पानांची कॉपी कुठेच नव्हती, आणि लेखकांनी तपासून दिलेली प्रुफं त्या पानांत उतरवलेली होती. माझ्या हातून हो गेलं असतं. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

‘‘मावशी, निळ्या स्क्रीनवरचा आकडा वाच.’’ मी वाचला, 0x0000007B. तो म्हणाला, ‘‘फॉरमॅट नको, पिशवीतून काढ त्याला. विंडोजला डिस्कपर्यंत जायचा रस्ता मिळत नाहीये एवढाच याचा अर्थ. डिस्क बायोसमध्ये दिसते का बघ.’’ डिलीट दाबून बायोसमध्ये गेले. डिस्कचं नाव व्यवस्थित दिसत होतं. मग त्यानं साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो ते, काय आहे विचारलं. तिथे आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, लिहिलेलं होतं.

तिथे उलगडा झाला. माझं विंडोज एएचसीआय या नव्या मोडमध्ये टाकलेलं होतं. बायोसच्या सेटिंग्ज बोर्डावरच्या गोल सेलच्या जिवावर टिकतात. सेल संपला की सेटिंग्ज पुसल्या जातात आणि बोर्ड मूळपदावर जातो. माझ्या बोर्डाचं मूळपद आयडीई. विंडोज आपला ठरलेला ड्रायव्हर घेऊन डिस्क शोधतं, ती त्या वाटेवर सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते. डिस्कवरची एक फाइलही हललेली नव्हती.

पण सेल काय नेमका त्याच रात्री संपला? तो कधीचाच संपत आला होता. माझा यूपीएस रात्रंदिवस चालू असतो, त्यामुळे कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसचा थोडा करंट बोर्डाला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. सेलवर वेळच येत नव्हती. त्या रात्री मी प्लग काढला, सगळा भार सेलवर पडला आणि त्यानं मान टाकली. आणि रॅम? पावसाळी हवेनं पट्ट्या काळवंडल्या होत्याच, टेबलाच्या कडेच्या त्या आपटण्यानं उरलासुरला संपर्क सुटला. दोन्ही दोष एकाच रात्रीचे, आणि पहिल्यानं दुसऱ्याला झाकून ठेवलेलं.

मोड एएचसीआय केला, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. चार रंग गोळा झाले, थोडा वेळ तसेच राहिले, आणि माझा डेस्कटॉप दिसला. अंकाचं फोल्डर जागेवर. आधी काहीही न करता ते पेनड्राइव्हवर आणि ह्यांच्या लॅपटॉपवर उतरवलं. ब्राउझर एकही साइट उघडेना, सुरक्षेचे इशारे देत सुटला. कारण तारीख अजून 2012ची होती. ती बरोबर केल्यावर तोही शांत झाला.

दुपारी स्टेशन रोडवरून सीआर 2032 सेल आणला, 40 रुपयांना. जुना काढून मल्टिमीटर लावला तर 3 व्होल्टच्या जागी 1.4. नवा बसवला, लिहिलेली बाजू वर. सेल काढल्यानं सेटिंग्ज परत पुसल्या गेल्या, त्या परत भरल्या. दुसरी रॅमही घासून बसवली. ती पहिल्या फटक्यात ओळखली गेली.

रात्री एका चिठ्ठीवर साटा मोड, बूटचा क्रम आणि सेल बदलल्याची तारीख लिहिली, आणि ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. मग 72वं पान उघडलं.